कपाटामागची भिंत

पुण्यातल्या एका जुन्या सोसायटीत, तिसऱ्या मजल्यावर अण्णा आणि काकू राहत होते. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि रस्त्याच्या बाजूला एक गॅलरी. वर थेट गच्ची. इमारत चाळीस वर्षांपूर्वीची. त्या काळी तीन मजल्यांच्या इमारतीला लिफ्ट कोणी बसवत नसे. अण्णांच्या वडिलांनी फंडातले पैसे काढून ही जागा घेतली होती. वडील गेल्यावर नॉमिनी म्हणून सोसायटीच्या दप्तरी अण्णांचं नाव लागलं.

पुढे काकूंचे गुडघे दुखू लागले. भाजी आणायला खाली उतरलं की वर चढायला अर्धा तास लागे. मुलीच्या घराजवळ तळमजल्यावर एक जागा होती. ही विकायची आणि ती घ्यायची, असं ठरलं. गुढीपाडव्याला अण्णांनी एजंटाला बोलावलं.

एजंट तरुण होता, चटपटीत होता. त्याने घरभर फिरून पाहिलं. आतल्या खोलीत भिंतीच्या वरच्या कोपऱ्यात पिवळट डाग होता, पोपडे आले होते.

“काका, हे काय?”

“पावसाळ्यात गच्चीतून झिरपतं थोडं.”

“सोसायटीला सांगितलंय?”

“अजून नाही.”

“मग आता तर सांगूच नका. मीटिंगच्या वहीत गळती लिहिली गेली की ती गिऱ्हाइकाच्या कानावर जाते.”

रंगारी आला. भिंत पांढरीशुभ्र झाली. शिवाय लोखंडी कपाट सरकवून त्या कोपऱ्यात उभं केलं. जागा 540 चौरस फूट कार्पेटची होती. जाहिरातीत बिल्टअप, सुपर बिल्टअप करत ती 720 ची झाली. किंमत लावली 72 लाख.

अण्णांनी घर दाखवायची एक रीत बसवली. गिऱ्हाईक येण्याआधी ते पंप लावून टाकी भरून ठेवत. समोर शाळा होती, म्हणून गॅलरीचं दार लावून घेत. काकूंचं लंगडणं दिसू नये म्हणून त्यांना स्वयंपाकघरात खुर्चीवर बसवून ठेवत. मग नळ सोडून दाखवत आणि म्हणत, “बघा, पाण्याला कसा जोर आहे!”

पहिले आलेले गृहस्थ खिशात मोजायची टेप घेऊन आले होते. त्यांनी खोल्या मोजल्या, कागदावर गुणाकार मांडला, चहा घेतला आणि गेले. त्यांचा फोन आला नाही.

मग एक मायलेक आले. त्यांना घर आवडलं. आई तर स्वयंपाकघरात ओटा कुठवर आहे तेही पाहून आली. जाताना मुलगा खाली वॉचमनपाशी थांबला. वॉचमन मामा साधा माणूस होता. त्याला कोणी काही शिकवलं नव्हतं आणि विचारलेल्याचं उत्तर तो देत असे. पाणी किती वेळ येतं, असं मुलाने विचारलं. सकाळी दोन तास, मामा म्हणाला. वरच्या मजल्यावर गळतं का, असंही विचारलं. मागच्या पावसात अण्णासाहेबांनी बादली लावली होती, मामा म्हणाला. मायलेकही परत आले नाहीत.

तिसऱ्या गिऱ्हाइकाने मात्र लाख रुपये विसार दिला. त्याला बँकेचं कर्ज काढायचं होतं. कागद बँकेच्या वकिलाकडे गेले. वकिलाने एकच प्रश्न लिहून पाठवला : मूळ मालकाच्या पश्चात वारस किती?

अण्णांनी आधी सांगितलं होतं की कागद अगदी स्वच्छ आहेत. आता त्यांना सांगावं लागलं की एक मोठी बहीण आहे, सांगलीला असते. नॉमिनेशनने सोसायटीत नाव लागतं, मालकी लागत नाही. जागेत बहिणीचाही हिस्सा होता आणि तिचं हक्कसोडपत्र झालेलं नव्हतं. गिऱ्हाईक म्हणालं, “काका, हे तुम्ही पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर मी थांबलो असतो. आता आणखी काय काय निघेल, कोण जाणे.” अण्णांनी विसार परत केला.

एजंट म्हणाला, “किंमत कमी करू.” 72 चे 68 झाले, मग 64 झाले. किंमत उतरली तशी शंका चढली. फोन करणारे आता जागेविषयी नंतर विचारत. आधी विचारत, “एवढ्या दिवसांत गेली कशी नाही? काही भानगड आहे का?”

पाऊस सुरू झाला. जुलैच्या मध्याला कपाटाच्या वर, पांढऱ्या रंगातून, पिवळा डाग पुन्हा डोकावू लागला. अण्णांनी कपाटावर दोन बॅगा रचल्या.

गणपतीच्या दिवसांत एक जोडपं घर पाहायला आलं. बरोबर मुलाची आई होती. ती जिना चढून आली तेव्हा तिला धाप लागली होती. अण्णा नळ दाखवायला मुलाला आत घेऊन गेले. काकू स्वयंपाकघरातून उठल्या, लंगडत बाहेर आल्या, त्या बाईंना पाणी दिलं आणि शेजारी बसल्या.

“गुडघे दुखतात का हो?” काकूंनी विचारलं.

“फार.”

“माझेही. म्हणून तर विकतोय.” मग त्या सुनेकडे वळल्या. “पोरी, घर चांगलं आहे. चाळीस वर्षं सुखाने राहिलो. पण तुझ्या सासूबाईंना हे जिने जमायचे नाहीत. तिसऱ्या वर्षी त्या घरात कोंडल्यासारख्या होतील, माझ्यासारख्या. तुम्ही लिफ्टची जागा बघा. आणि इथे आतल्या खोलीत गळतं, तेही सांगून ठेवते.”

अण्णा दारात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं. सून काकूंच्या पाया पडली आणि मंडळी निघून गेली.

त्या रात्री अण्णा जेवले नाहीत. “आलेलं गिऱ्हाईक घालवलंस,” ते म्हणाले.

“आधी आलेली कोणी घालवली?” काकूंनी विचारलं. “अहो, तुम्ही वर झाकता आणि मामा खाली सांगतो. माणसं वर येतात ती घर बघायला, आणि खाली थांबतात ती तुम्हाला बघायला.”

अण्णा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी कपाटावरच्या बॅगा उतरवल्या. मग बसून सोसायटीला अर्ज लिहिला : गच्चीतून गळती आहे, दुरुस्ती व्हावी.

सेक्रेटरींनी अर्ज वाचून चष्मा काढला. “अण्णा, गच्ची सोसायटीची. तिची गळती काढणं सोसायटीचंच काम आहे, उपविधीतच आहे ते. तीन पावसाळे गळतंय आणि तुम्ही आज सांगताय?” पावसात काम होणार नव्हतं. दसऱ्यानंतर गच्ची उकरली, नवा कोबा घातला, त्यावर पाणी साठवून ठेवून तपासलं. अण्णांच्या खोलीत एक थेंब उतरला नाही. त्यांचा एक रुपयाही वेगळा गेला नाही.

भाऊबीजेला अण्णा सांगलीला गेले. कैक वर्षं ते भाऊबीजेला गेले नव्हते. गेलं की जागेचा विषय निघेल, या धास्तीने ते दरवर्षी काही ना काही कारण काढत. ताईंनी ओवाळलं. अण्णांनी मान खाली घालून सगळं सांगितलं आणि म्हणाले, “ताई, तुझा जो हिस्सा होईल तो मी देणार आहे.”

ताई थोडा वेळ गप्प राहिल्या. “बाबा गेले त्याच वर्षी विचारलं असतंस तर मी नको म्हटलं असतं. आज विचारलंस, आजही नकोच. पण अरे, न विचारताच तू ठरवलंस की मी भांडेन, हे मात्र लागलं मला.” पंधरा दिवसांनी ताई पुण्याला आल्या. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत अंगठ्याचा ठसा आणि फोटो देऊन त्यांनी हक्कसोडपत्र नोंदवलं. दोन दिवस राहिल्या, काकूंबरोबर पत्ते खेळल्या आणि गेल्या.

मग अण्णांनी एक कागद लिहिला. अक्षर मोठं आणि सुवाच्य. कार्पेट 540 चौरस फूट. तिसरा मजला, लिफ्ट नाही, पुढेही होण्याची खात्री नाही. पाणी सकाळी दोन तास, बाकी टाकीचं. पार्किंग फक्त दुचाकीचं. समोर शाळा, सकाळी आणि दुपारी गलका. गच्चीची गळती होती, या वर्षी दुरुस्त झाली, सोसायटीचं पत्र जोडलं आहे. त्याखाली कागदपत्रांची यादी : मूळ करारनामा, इंडेक्स टू, शेअर सर्टिफिकेट, बहिणीचं हक्कसोडपत्र, सोसायटीचा थकबाकी नसल्याचा दाखला. सगळ्यात शेवटी घेणाऱ्याला किमतीवर किती खर्च येईल तेही लिहिलं : मुद्रांक शुल्क 7 टक्के, एकट्या बाईच्या नावावर घेतल्यास 6. नोंदणी फी 30 हजार. सोसायटीचं हस्तांतर शुल्क नियमाप्रमाणे जास्तीत जास्त 25 हजार, त्याहून जास्त कोणी मागितल्यास देऊ नये.

एजंटाने कागद वाचला आणि हसला. “काका, घर विकायचंय की तक्रार नोंदवायचीय?”

“दोन्ही,” अण्णा म्हणाले. “किंमत 68 लिही. आणि मोजून 540 लिही.”

फोन कमी येऊ लागले. पण जे आले ते कागद आधी वाचून आले. लिफ्ट हवी असलेले आलेच नाहीत. कुणाचा वेळ गेला नाही आणि काकूंचा चहाही वाया गेला नाही.

पौषात एक मुलगी आली. जवळच्या इस्पितळात परिचारिका होती, धाकट्या भावाला घेऊन भाड्याने राहत होती. ती म्हणाली, “गणपतीत माझी मैत्रीण सासूबाईंना घेऊन आली होती. काकूंनी त्यांना घेऊ नका म्हणून सांगितलं. ती म्हणाली, तुला जिन्याचं काही नाही, तर त्यांच्याकडेच जा, त्या खोटं सांगत नाहीत.”

अण्णांनी काकूंकडे पाहिलं. काकू चहाला आधण ठेवत होत्या.

मुलीने घर पाहिलं. गॅलरीचं दार उघडंच होतं आणि शाळेची मधली सुट्टी चालू होती. आतल्या खोलीचा कोपरा मोकळा होता. भिंतीवर जुना डाग तसाच होता, कोरडा. अण्णांनी तो रंगवला नव्हता. मुलीने हात लावून पाहिला. मग ती खाली गेली आणि सगळे थांबत तशी मामापाशी थांबली. पाण्याचं विचारलं. गळतीचं विचारलं. मामाने सांगितलं. वर कागदावर जे वाचलं तेच तिला खाली ऐकू आलं. ती पुन्हा तीन मजले चढून वर आली.

“काका, लिफ्ट नाही म्हणून दोन लाख कमी करा.”

“एक करतो.”

“बरं.”

67 लाखांना सौदा ठरला. बँकेच्या वकिलाने चार दिवसांत कागद पास केले. मुलीने जागा स्वतःच्या एकटीच्या नावावर घेतली आणि मुद्रांकातला एक टक्का वाचवला. सोसायटीच्या ऑफिसात कोणीतरी हस्तांतराचे पन्नास हजार म्हणून पाहिलं. तिने अण्णांचा कागद पुढे केला आणि 25 हजारांची पावती घेतली. माघात अण्णा आणि काकू तळमजल्यावरच्या घरी राहायला गेले.

गोष्ट एवढीच. दोष नसलेलं घर नसतं, आणि हे घेणाऱ्यालाही ठाऊक असतं. दोष कळला की त्याचा हिशोब मांडता येतो. लिफ्ट नाही, त्याचे इथे एक लाख झाले. काहीतरी दडवलं आहे एवढाच वास आला की त्याचा हिशोब कोणालाच मांडता येत नाही. मग 64 लाखही महाग वाटतात. पण अण्णांचं खरं नुकसान याहून मोठं होतं. त्यांनी गळती सांगितली नाही, म्हणून ती तीन पावसाळे तशीच राहिली. सही मागितली नाही, म्हणून बहीण तितकी वर्षं दूर राहिली. माणूस एखादी गोष्ट दुसऱ्यापासून झाकतो तेव्हा ती दुरुस्त करणाऱ्यापासूनही झाकली जाते. त्यांची गच्ची आणि त्यांची ताई, दोघी केवळ सांगण्याची वाट पाहत होत्या.