नाबोथाच्या गावातील वडीलधारी



एखाद्या कार्यकर्त्याच्या खुनाची बातमी वर्तमानपत्रात येते. रविवारी मिस्सा आटोपल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर किंवा बंदरावर जाळी नीट करताना तिचा विषय निघतो. थोडी हळहळ होते आणि मग कोणीतरी हमखास म्हणते, "वाईट झालं, पण त्याला तरी ही नसती उठाठेव कोणी सांगितली होती?" हे वाक्य आपण सर्वांनी ऐकले आहे. खरे सांगायचे तर आपल्यापैकी अनेकांनी ते उच्चारलेही आहे. आज आपण त्या एका वाक्याचाच विचार करू या.

जुन्या करारात, राजांच्या पहिल्या ग्रंथाच्या एकविसाव्या अध्यायात नाबोथाची कथा आहे. अहाब राजाला राजवाड्यालगतचा नाबोथाचा द्राक्षमळा भाजीपाल्यासाठी हवा होता. वाडवडिलांची जमीन विकणार नाही, असे नाबोथाने सांगितले. राजा रुसून बिछान्यावर पडला. मग राणी ईजबेलने राजाच्या नावाने पत्रे लिहून नाबोथाच्या गावातील वडीलधाऱ्यांना पाठवली: उपवास जाहीर करा, नाबोथाला पुढे बसवा, दोन खोटे साक्षीदार उभे करा आणि त्याला दगडमार करा. सारे तसेच झाले. राजा मळ्याचा ताबा घ्यायला निघाला, तेव्हा संदेष्टा एलिया त्याच्यासमोर उभा राहिला.

ही कथा ऐकताना आपला राग राजा-राणीवर जातो. पण राणीने दगड उचलला नाही आणि राजाने तर पत्रही लिहिले नाही. काम केले ते गावातल्या वडीलधाऱ्यांनी. नाबोथाशी त्यांचे वैर होते असे पवित्र शास्त्र कोठेही सांगत नाही. ते त्याचे शेजारीच होते. साक्षीदार खोटे आहेत हे त्यांना ठाऊक होते. त्यांनाही बायका-मुले असतील आणि राणीच्या पत्राला 'नाही' म्हणायची भीती वाटली असेल. त्या रात्री घरी जाऊन ते काय म्हणाले असतील? बहुधा हेच, की राजाशी वाद घालायची नाबोथाला काय गरज होती?

ही गोष्ट फक्त इज्रेलची नाही. सतीश शेट्टी हे पुणे जिल्ह्यातील तळेगाव दाभाडे येथील कार्यकर्ते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग झाला आणि मावळातील जमिनींचे भाव वाढले. त्यासोबत कागदपत्रांतील हेराफेरीही वाढली. माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करून शेट्टी यांनी जमिनींचे अनेक गैरव्यवहार उजेडात आणले. जिवाला धोका असल्याचे सांगून त्यांनी पोलिस संरक्षणही मागितले होते. 13 जानेवारी 2010 रोजी सकाळी फिरायला गेले असताना त्यांच्यावर वार करून त्यांना ठार मारण्यात आले. तपास सीबीआयकडे गेला, वर्षानुवर्षे चालला, बंद झाला आणि पुन्हा उघडला. पण त्यांना कोणी मारले हे न्यायालयात सिद्ध झाले नाही.

दुसरी गोष्ट झारखंडची, पण तिचे मूळ आपल्या महाराष्ट्रात आहे. 1972 च्या दुष्काळात हजारो शेतमजूर खडी फोडायला आणि पाझर तलाव खोदायला रोजगार हमीच्या कामांवर गेले. त्या अनुभवातून 1977 साली राज्याने रोजगार हमीचा कायदा केला आणि 2005 साली देशाने तसाच कायदा केला. मागेल त्याला काम आणि केलेल्या कामाचे दाम, ही साधी गोष्ट. पण मधे हजेरीपट असतो. त्यावर न आलेल्या माणसांची हजेरी लागते, मेलेल्यांचे अंगठे उमटतात आणि मजुरीतला वाटा दुसऱ्याच्याच खिशात जातो. यावर उपाय म्हणून सामाजिक अंकेक्षण आले. म्हणजे गाव जमवायचे, हजेरीपट मोठ्याने वाचायचा आणि ज्याचे नाव आले त्याने उभे राहून सांगायचे, की काम केले की नाही आणि पैसे मिळाले की नाही.

ललित मेहता हा तरुण अभियंता पलामू जिल्ह्यात हेच काम करीत होता. मे 2008 मध्ये तेथे असे अंकेक्षण चालू असतानाच 14 तारखेला मोटारसायकलवरून जाताना त्याचा खून झाला. हिशोब मोठ्याने वाचणे, एवढाच त्याचा गुन्हा.

अगदी अलीकडची घटना आपल्याला आठवत असेल. बीड जिल्ह्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचे 9 डिसेंबर 2024 रोजी अपहरण करून हाल हाल करून त्यांना मारण्यात आले. त्याआधी काही दिवस पवनचक्की कंपनीच्या आवारात एका पहारेकऱ्याला मारहाण झाली होती. आपल्या माणसाला मारतात हे कळताच सरपंच तेथे धावून गेले होते.

मुलांना धर्मशिक्षण देताना आपण काही पापांविषयी सांगतो, ज्यांचा आक्रोश थेट स्वर्गापर्यंत पोहोचतो. हाबेलाचे सांडलेले रक्त हे त्यांपैकी एक आणि मजुराची बुडवलेली मजुरी हे दुसरे. संत याकोबाने आपल्या पत्रात पिकाची कापणी करणाऱ्यांच्या अडवून ठेवलेल्या मजुरीलाच वाचा फुटल्याचे म्हटले आहे. खून आणि मजुरीची चोरी एकाच यादीत का, असा प्रश्न पडतो. वरच्या घटनांत त्याचे उत्तर आहे. जेथे मजुरी खाल्ली जाते, तेथे ती खाणाऱ्याला प्रश्न विचारणारा नकोसा होतो. पहिले पाप झाकायला दुसरे लागते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ज्याने दगड मारला नाही, फक्त गप्प राहिला, त्याच्यावर काही दोष येतो का?

याचे सोपे उत्तर देऊन आम्ही आपल्याला फसवू इच्छित नाही. प्रत्येकाला हुतात्मा होण्याचे पाचारण नसते. विवेक हाही ख्रिस्ती सद्‌गुणच आहे. लोकांनी दगड उचलले तेव्हा प्रभू येशू स्वतः मंदिरातून निघून गेला, असे संत योहानाच्या शुभवर्तमानात आहे. घरात म्हातारे आईवडील, शिकणारी मुले आणि होडीचे कर्ज असलेल्या माणसाने एकट्याने गुंडांशी झुंजावे, असे कोणी म्हणू शकत नाही. भीती वाटणे हे पाप नाही.

पण भीतीने गप्प राहणे आणि त्या भीतीला शहाणपणाचे नाव देणे यांत फरक आहे. "मला भीती वाटली," असे म्हणणारा माणूस खरे बोलतो. "त्याची स्वतःचीच चूक होती," असे म्हणणारा माणूस मेलेल्याविरुद्ध खोटी साक्ष देतो आणि ते आठव्या आज्ञेचे उल्लंघन आहे. फादर स्टॅन स्वामी यांचे शेवटचे दिवस आपल्याच मुंबईत गेले. झारखंडच्या आदिवासींसाठी आयुष्य वेचलेला हा येशूसंघीय धर्मगुरू ऑक्टोबर 2020 मध्ये अटकेत गेला आणि कंपवाताने हात थरथरत असताना तळोजाच्या तुरुंगात राहिला. 5 जुलै 2021 रोजी, वयाच्या 84 व्या वर्षी, वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात त्यांचे निधन झाले. खटला उभाच राहिला नाही, आरोप सिद्ध झाले नाहीत. तरीही "काहीतरी केलं असेल, म्हणूनच आत टाकलं," असे म्हणणारे कमी नव्हते. नाबोथाच्या गावात दोन खोटे साक्षीदार शोधून आणावे लागले होते. आता ते फुकट आणि हवे तितके मिळतात.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. मारणारे एखाद्याला का मारतात? तो एकटा असतो म्हणून. अर्जावर एकाचीच सही असते, कागद एकाच्याच घरी असतात आणि तो गेला की प्रश्नही जातो, असा त्यांचा हिशोब असतो. हा हिशोब चुकवता येतो. ललित मेहता गेल्यावर त्याच्या सोबत्यांनी अंकेक्षण सोडले नाही. त्याच महिन्यात जनसुनावणी झाली आणि हजेरीपट वाचले गेले. ज्या कामासाठी एकाला मारले ते काम शेकडो लोकांनी उभे राहून पुरे केले.

आपल्या वरळीलाही हे माहीत आहे. किनारा मार्गाचे काम सुरू झाले तेव्हा क्लीव्हलँड बंदराच्या तोंडाशी पुलाच्या खांबांत 60 मीटरचे अंतर ठेवायचे ठरले होते. एवढ्याशा फटीतून भरती-वाऱ्यात होडी काढणे म्हणजे जिवाशी खेळ, हे आपल्या नाखव्यांनी सांगितले. सुरुवातीला कोणी ऐकले नाही. तेव्हा होड्या समुद्रात उभ्या राहिल्या. सभा झाल्या, निवेदने गेली. मागणी होती तितके अंतर मिळाले नाही, पण 2022 च्या अखेरीस ते 120 मीटर करण्याचे मान्य झाले. यात कोणा एकाचे नाव घेऊन त्याला गाठता येत नव्हते, कारण विचारणारा सारा कोळीवाडाच होता. तळेगावात आणि पलामूत विचारणारा एकटा सापडला. धैर्य तेथेही होते, सोबत नव्हती.

म्हणून आम्हाला वाटते, की गप्प राहणाऱ्याचा खरा दोष त्याच्या न बोलण्यात तितका नाही, जितका बोलणाऱ्याला एकटे सोडण्यात आहे. खुनानंतर काइनाला देवाने पहिला प्रश्न विचारला तो हाच, की तुझा भाऊ कोठे आहे? आपल्याला भाषण करता येत नसेल, पण अर्जावर दुसरी सही करता येते. सुनावणीच्या दिवशी त्याच्याबरोबर जाऊन बाकावर बसता येते. ती दुसरी सही पोलिसाच्या पहाऱ्याइतकीच मोलाची असते. देशात 2014 साली गैरव्यवहार उघड करणाऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा मंजूर झाला, पण वर्षे लोटली तरी तो अंमलात आणला गेला नाही. कायद्याची वाट पाहायची असेल तर पाहू, पण तोवर शेजाऱ्याने शेजारधर्म पाळायला कोणाच्या अधिसूचनेची गरज नाही.

येथे कोणी विचारील, की आपला धर्म क्षमेचा ना? मग खुनी सापडो न सापडो, क्षमा करून मोकळे व्हावे. याचे उत्तर धन्यवादित सिस्टर राणी मारिया यांच्या जीवनात मिळते. केरळची ही धर्मभगिनी मध्य प्रदेशातील उदयनगर भागात भूमिहीन मजुरांना बचत करायला आणि सरकारी कर्ज मिळवायला शिकवीत होती. सावकारांचा पाश सैल होऊ लागला. 25 फेब्रुवारी 1995 रोजी बसमध्ये, प्रवाशांच्या डोळ्यांदेखत, समंदरसिंग नावाच्या तरुणाने सुऱ्याचे वार करून तिला मारले. त्याला शिक्षा झाली. 2002 साली सिस्टरच्या सख्ख्या बहिणीने, जी स्वतः धर्मभगिनी आहे, तुरुंगात जाऊन त्याला राखी बांधली. तो पालटला. 2017 साली इंदूरला सिस्टरला धन्यवादित घोषित करण्यात आले, तेव्हा तोही तेथे होता.

ही क्षमा मोठी आहे, पण ती सत्यानंतर आली. कोणी मारले हे ठरले, त्याने ते कबूल केले आणि मग बहिणीचा हात पुढे झाला. सतीश शेट्टींच्या घरच्यांनी राखी बांधायची ठरवली तर कोणाच्या हाताला बांधणार? ज्याचे नावच ठाऊक नाही त्याला क्षमा करता येत नाही, फक्त विसरता येते. विसरणे आणि क्षमा करणे एक नव्हे. पापनिवेदनाला जाताना आपणही आधी पाप सांगतो, मग क्षमा मिळते. म्हणून तपासाचा आग्रह धरणे म्हणजे सूड घेणे नव्हे. तो क्षमेचा रस्ता मोकळा करणे आहे.

शेवटी एक घरातली गोष्ट. दूरच्या हुतात्म्यांना मेणबत्ती लावणे सोपे असते. पण आपल्याच एखाद्या सभेत, मग ती सोसायटीची असो, बचत गटाची असो की सणाच्या वर्गणीची, कोणी उठून "हिशोब दाखवा" म्हणतो, तेव्हा आपण काय करतो? कोणी हसतो. कोणी म्हणतो, "आला हा शहाणा." कोणी घड्याळ पाहतो. त्याच्या बाजूची खुर्ची हळूहळू रिकामी होते. तेथे सुरा नसतो आणि रक्तही नसते. पण हिशोब विचारणारा माणूस उपद्रवी असतो, तो एकटा असतो आणि एकटाच बरा, हा धडा तेथेच शिकवला जातो आणि आपली मुले तो शिकतात. उद्या कोठेतरी सुरा चालवणारा त्याच धड्यावर विसंबून असतो.

प्रत्येक मिस्साच्या आरंभी आपण छातीवर हात मारून केलेल्या पापांबरोबरच कर्तव्यात केलेली कसूरही कबूल करतो. पुढच्या वेळी ते शब्द ओठांवर येतील तेव्हा क्षणभर त्या रिकाम्या खुर्चीची आठवण करू या. मजुरांच्या हक्कासाठी आणि सत्यासाठी ज्यांचे प्राण गेले त्यांच्यासाठी, त्यांच्या घरच्यांसाठी आणि ज्यांनी मारले त्यांच्या हृदयपालटासाठी प्रार्थना करू या. आणि पुढच्या सभेत कोणी एकटा हिशोब मागायला उभा राहिला, तर त्याच्या बाजूच्या खुर्चीवर जाऊन बसू या.