घर कोणत्या इंद्रियासाठी?

घर बांधून झाले, रंग लागला, पडदे चढले, की आम्हांला घराच्या आशीर्वादासाठी बोलावणे येते. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला लागलेली शिरूरची मुले असोत वा रेल्वेतून निवृत्त होऊन दौंडलाच स्थायिक झालेली कुटुंबे असोत, चांगल्या घराची त्यांची ओढ आम्हांला रास्तच वाटते. पाहुणा दिवाणखान्यात बसून परत जातो. धर्मगुरूला मात्र पवित्र पाणी शिंपडीत प्रत्येक खोलीत जावे लागते.

दिवाणखान्यात छताला नक्षी असते, काचेचे कपाट असते, फरशीत आपले तोंड दिसते. पुढे स्वयंपाकघरात जावे, तर एकुलती एक खिडकी शेजारच्या भिंतीला भिडलेली आणि फोडणीच्या धुराने गृहिणीचे डोळे चुरचुरणारे. म्हातारा-म्हातारी मागच्या बाजूला, पत्र्याच्या खोलीत. तेथे वैशाखात अंग भाजते आणि पावसात एकमेकांचा शब्द ऐकू येत नाही. असे घर एका इंद्रियासाठी बांधलेले असते, डोळ्यासाठी; आणि तोही घरच्यांचा नव्हे, पाहुण्याचा.

घराने पाचही इंद्रियांना सुख द्यावे, ही अपेक्षा ख्रिस्ती माणसाने धरावी काय? आपली परंपरा याबाबत काहीशी साशंक राहिली आहे. संत ऑगस्टीन यांनी आपल्या ‘कन्फेशन्स’च्या दहाव्या भागात एकेका इंद्रियाची झडती घेतली आहे, मंदिरातील गायनाने होणाऱ्या आनंदाचीही त्यांना धास्ती वाटे. संत थॉमस अक्वायनस अधिक उदार. ज्ञान इंद्रियांच्या वाटेनेच बुद्धीपर्यंत पोहोचते, असे ते मानीत. तरीही ‘सुंदर’ हा शब्द आपण दृश्याला आणि नादाला लावतो, चवीला व गंधाला लावीत नाही, असे निरीक्षण त्यांनी नोंदविले आहे. मराठी भाषेने मात्र त्यांचे ऐकलेले नाही. आमच्या आयाबहिणी मोगऱ्याचा वास सुंदर म्हणतात आणि आमटीची चवही सुंदरच म्हणतात. आणि ख्रिस्तसभेने तरी उपासनेत कोणते इंद्रिय बाहेर ठेवले आहे? पाणी, तेल, धूप, घंटा, भाकर: कृपा आपल्यापर्यंत येते ती या शरीराच्या दारांतूनच.

आमच्या परिचयाच्या एका आजींची दृष्टी काचबिंदूने गेली. जुन्या धाब्याच्या घरात त्या एकट्या वावरत. अंगणात खडबडीत शहाबादी, मग लाकडी उंबरठा, आत सारवलेली गार जमीन. कोठे आलो हे पायच सांगत. मुलाने प्रेमाने नवे घर बांधले आणि सर्वत्र एकच गुळगुळीत फरशी बसविली. त्या घरात पायांना वाचायला काही उरलेच नाही. आजी खुर्चीत बसून राहू लागल्या. स्पर्शाचा विचार म्हणजे गालिचे आणि गाद्या एवढेच नव्हे, हे आम्हांला तेथे समजले. पुढे मुलाने खाटेपासून स्वयंपाकघरापर्यंत शहाबादीचा एक पट्टा बसवून घेतला. खर्च किरकोळ आला. आजी पुन्हा चुलीपाशी येऊन, कांदा करपतो आहे, म्हणून सुनेला बजावू लागल्या. सुनेला ते फारसे आवडले असे नाही!

याच दौंड तालुक्यात, केडगावला, पंडिता रमाबाईंनी १८९६-९७च्या दुष्काळातून वाचविलेल्या मुली व विधवा यांच्यासाठी मुक्ती मिशन उभे केले. तेथे अंध स्त्रियांसाठी स्वतंत्र सदन होते आणि त्यांना ब्रेल लिपी शिकविण्यात आली. रमाबाईंना स्वतःलाही कमी ऐकू येत असे. पंथभेद बाजूला ठेवून आपण हे पाहावे: जिच्या बोटांना अक्षर सापडले, तिच्यासाठी त्या भिंतींना कोणता रंग होता याला कितीसे मोल असेल?

एक आक्षेप मात्र टाळता येत नाही. शेजारी उपाशी असताना आपल्या घरात सुगंधाची चैन कशाला? हा आक्षेप शुभवर्तमानातच आला आहे, आणि तोही एका घराविषयी. बेथानीत मरियेने प्रभूच्या पायांना जटामांसीचे तेल लावले आणि सारे घर त्या वासाने भरून गेले. हे तेल तीनशे दिनारांना विकून गरिबांना का दिले नाही, असे यहूदाने विचारले. दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे जवळजवळ वर्षाची कमाई. योहान त्याला चोर म्हणतो, पण त्यामुळे प्रश्न खोटा ठरत नाही. आम्हांला महत्त्वाचे वाटते ते एवढेच की ते तेल कपाटात मांडलेले नव्हते. ज्याचे मरण सहा दिवसांवर आले होते, त्याच्या पायांना ते लागले. घरातील इतरांना वास मिळाला तो त्याच्यामागून.

तेव्हा खर्च किती, याबरोबर तो कोणाच्या अंगापर्यंत पोहोचला, हेही विचारावे. छताच्या नक्षीऐवजी स्वयंपाकघराला समोरासमोर दोन खिडक्या ठेवता येतात. आपल्या भागात उसाच्या पाचटाला तोटा नाही; उन्हाळ्यात पत्र्यावर त्याचा थर दिला तर खालची खोली सुसह्य होते. वासाच्या फवाऱ्याने मोरीचा वास झाकण्याऐवजी मोरी दुरुस्त करावी. आणि नव्या टेपचा आवाज आपल्या कानांना कितीही गोड लागला, तरी भिंतीपलीकडे कोणाचे तान्हे मूल निजले आहे याचीही चौकशी करावी.

अलीकडे आम्ही आशीर्वादाला गेलो की स्वयंपाकघरापासून आरंभ करतो. यजमान जरा गोंधळतात. तेथली भांडी अजून आवरलेली नसतात.