सोडायचा मासा

हौसेसाठी मासा पकडून परत सोडणाऱ्यांना सोडणे ही शेवटची कृती वाटते. गळ निघाला, मासा पाण्यात गेला, खेळ संपला. पण तो मासा पुढे जगतो की मरतो याचा निकाल बराचसा त्याआधीच लागलेला असतो. आमिष पाण्यात पडण्यापूर्वी, गळ आणि दोर निवडतानाच सोडणे सुरू होते. ग्वाटेमालाच्या पॅसिफिक किनाऱ्यावरच्या इस्तापा गावाबाहेरच्या समुद्रात हे नीट उमगते.

हा समुद्र सेलफिशसाठी जगभर नावाजलेला आहे. पाठीवर उंच शिडासारखा पर आणि पुढे आलेला लांब, टोकदार वरचा जबडा असलेला हा मासा इथे पृष्ठभागाजवळ एवढ्या संख्येने का सापडतो? पूर्व पॅसिफिकच्या उष्ण पट्ट्यात वरच्या उबदार थराखाली लगेच थंड आणि प्राणवायू फार कमी असलेले पाणी लागते. सेलफिश आणि मार्लिन हे वेगाने पोहणारे मासे. त्यांना प्राणवायू भरपूर लागतो, म्हणून त्या पाण्यात ते फार वेळ उतरत नाहीत. अटलांटिकच्या बऱ्याच भागात त्यांना खोलवर वावर करता येतो. इथे त्यांचे घर वरच्या पातळ थरात आक्रसले आहे. गळ टाकणाऱ्याचे नशीब म्हणजे माशाची कोंडी. कोंडीतल्याला पकडणे सोपे, म्हणून पकडणाऱ्याची जबाबदारी मोठी. ग्वाटेमालात सेलफिश सोडून देणे कायद्यानेच बंधनकारक आहे.

कायदा मासा सोडायला लावतो. तो जिवंत राहील का, हे मात्र गळावर अवलंबून असते. नेहमीचा गळ इंग्रजी ‘जे’सारखा असतो. माशाने आमिष गिळले आणि दोर ताणला की त्याचे टोक असेल तिथे रुतते, मग तो घसा असो वा पोट. गोल गळाचे टोक आत, दांडीकडे वळलेले असते. तो घशातून न रुतता सरकत येतो आणि जबड्याच्या कोपऱ्याशी फिरून तिथे बसतो. पॅसिफिकमधल्या बेटांवरचे लोक शिंपल्याचे आणि हाडाचे असे आत वळलेले गळ फार पूर्वीपासून घडवत आले आहेत. १९९९ मध्ये एरिक प्रिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इस्तापाबाहेर दोन्ही गळांची तुलना केली. गोल गळावरचे ८५ टक्के सेलफिश जबड्याच्या कोपऱ्यात अडकले, जे-गळावरचे २७ टक्के. घशात किंवा पोटात गळ गेलेले मासे जे-गळावर ४६ टक्के होते, गोल गळावर २ टक्के.

हा गळ हाताकडूनही काही मागतो. मासा लागला की झटका द्यायचा, ही सवय हातात मुरलेली असते. गोल गळाला झटका दिला की तो तोंडातून तसाच निसटतो. इथे आधी ढील द्यायची, मासा वळला की ताण हळूहळू वाढवायचा आणि पुढचे गळावर सोपवायचे.

मग येते झुंज. नाजूक दोरावर मोठा मासा आणणे मानाचे समजतात. विक्रमांची नोंदही दोराच्या ताकदीनुसार वेगवेगळी होते. पण दोर जितका नाजूक, तितकी झुंज लांबते आणि मासा तितका खचतो. पुढे पोहत राहिला तरच त्याच्या कल्ल्यांवरून पुरेसे पाणी वाहते. दमून थांबलेल्या माशाला फोटोसाठी बोटीत उचलणे म्हणजे उरलासुरला श्वास काढून घेणे. म्हणून जाणते नावाडी त्याची चोच धरून त्याला पाण्यातच ठेवतात आणि तो सावरेपर्यंत बोट संथ पुढे नेतात.

पूर्वी थोरवी काट्यावर ठरे. ४ ऑगस्ट १९५३ रोजी पेरूतल्या काबो ब्लांकोजवळ आल्फ्रेड ग्लासेल यांनी सुमारे ७०७ किलोंचा काळा मार्लिन पकडला; तो विक्रम अजून मोडलेला नाही. पण मार्लिनमध्ये एवढी प्रचंड वाढते ती मादी. अशा वजनाच्या हव्यासात अंडी घालणारी मादीच मारली जाते.

एवढी काळजी आहे तर पकडावेच कशाला? हा प्रश्न टाळता येत नाही. सोडलेल्यांपैकी काही मासे मरतात, हे त्यांच्या अंगावर लावलेल्या, उपग्रहाला माहिती पाठवणाऱ्या यंत्रांनी दाखवून दिले आहे. या हौसेची किंमत मासा मोजतो. ती शून्य होत नाही, पण कमी करणे आपल्या हातात आहे, आणि हातात असलेले न करणे हा अपराध आहे.

म्हणून धक्क्यावर परतलेल्या बोटीला किती मासे सोडले एवढेच विचारून भागत नाही. गळ कोणता होता, दोर किती ताकदीचा, मासा पाण्याबाहेर काढला का, हेही विचारायला हवे. निघण्यापूर्वी ज्याने यांचा विचार केला नव्हता, त्याने मासा सोडला असे मी म्हणणार नाही. त्याने तो नशिबावर टाकला.