सब्बल आणि चाक

आमच्या वाशिम-रिसोड भागात विहिरीचं काम मुरूम संपेपर्यंत सरळ चालतं. वरची काळी माती आणि खालचा मुरूम टिकाव-फावड्याला दाद देतात. मग काळा पाषाण लागतो. सुरुंग लावला की तो फुटतो, पण सुटत नाही. आपल्याच भेगांत अडकून बसतो. खाली उतरलेला माणूस तेव्हा सब्बल मागतो. पुस्तकात तिला पहार म्हणतात. भेगेत तिचं टोक घालायचं, टोकाजवळ एक लहान दगड टेकू म्हणून सरकवायचा आणि वरच्या टोकावर अंग टाकायचं. चौघांनी ढकलून न हललेला धोंडा कुरकुरत जागचा उठतो. पुढे तो घणाने फोडतात, तुकडे टोपल्यात भरतात आणि काठावरच्या चाकावरून दोराने वर ओढतात.

शाळेत ही दोन्ही यंत्रं एकाच धड्यात भेटली होती, तरफ आणि कप्पी या नावांनी. दोन्हींच्या खाली एकच वाक्य होतं: कमी बळात जास्त काम. हे वाक्य मला तेव्हाही खटकायचं. दोघी एकच काम करत असतील, तर विहिरीत त्यांची अदलाबदल का होत नाही? सब्बलीने दगड वर का नेत नाहीत, आणि चाकाने तो भेगेतून का उपटत नाहीत?

आधी सब्बलीचा हिशोब करू. सब्बल ५ फुटांची आहे आणि टेकू टोकापासून ६ इंचांवर आहे असं धरा. म्हणजे दगडाकडची बाजू अर्धा फूट आणि हाताकडची साडेचार फूट, नऊपट. हाताने ४० किलोचा भार दिला तर टोकाशी ३६० किलोचा जोर उमटतो. हे फुकट मिळत नाही. हात १८ इंच खाली जातो तेव्हा धोंडा जेमतेम २ इंच उठतो. जोर नऊपट झाला, पण अंतर नवव्या हिश्श्यावर आलं. म्हणजे काम तेवढंच राहिलं; फक्त आपल्या अंगाला पेलेल अशा रीतीने वाटून मिळालं.

भेगेतल्या दगडाला २ इंच पुरेसे असतात. तो एकदा सुटला की संपलं. पण ४० फूट खोल विहिरीतून तोच दगड वर न्यायचा, तर ४० फूट म्हणजे ४८० इंच, म्हणजे २४० वेळा उचलायचा आणि दर वेळी त्याच्या खाली काहीतरी सारून टेकू वर न्यायचा. सब्बलीची चाल एका छोट्या कमानीपुरती असते. कमान संपली की तिला उचलून पुन्हा मांडावं लागतं.

आता काठावरचं चाक पाहा. ते वरच्या लाकडाला पक्कं बांधलेलं आहे. १५ किलोचं टोपलं वर आणायला दोराला १५ किलोच ओढ द्यावी लागते, आणि कणा कोरडा असेल तर थोडी जास्तच. जोराच्या बाबतीत नफा शून्य. मग ते बसवायचं कशाला? चाक नसतं तर माणसाने काठावर वाकून दोर वर खेचला असता, कमरेवर ताण घेत. चाकामुळे तो खाली ओढतो, आणि खाली ओढताना स्वतःचं वजन कामाला लागतं. जुन्या विहिरींच्या दगडी काठावर दोराने कापलेल्या खोल खाचा दिसतात. चाक नसताना पाणी ओढणाऱ्यांची किती ताकद नुसत्या घासण्यात गेली, त्याचा तो हिशोब आहे.

या चाकाला एक सक्त मर्यादाही आहे. ५० किलोच्या माणसाने दोराला लोंबकळून ६० किलोचं टोपलं उचलायचं म्हटलं, तर टोपलं जागेवर राहील आणि माणूस नुसताच लोंबकळत राहील. सब्बलीला ही अडचण नाही.

मोटेवर हेच चाक होतं. बैल विहिरीच्या भिंतीवर चढू शकत नाहीत, पण उतरत्या धावेवर चालू शकतात. त्यांची पुढची ओढ वर जाणाऱ्या मोटेत बदलणं एवढंच चाकाचं काम. बाकीची मदत उताराची आणि बैलांच्या वजनाची. कोकण-गोव्याकडे मात्र पाणी तरफेनेही काढत. उभ्या खांबावर आडवं लाकूड, एका टोकाला बादली, दुसऱ्या टोकाला दगडाचं वजन. काही ठिकाणी तिला लाट म्हणतात. तिथे पाणी हाताशी असतं, म्हणून लाकडाच्या एका झोक्यात बादली वर येते. आमच्या पाषाणात इतकं लांब लाकूड कुठून आणणार? दोर मात्र हवा तेवढा लांब करता येतो.

इथे खरी गंमत आहे. चाक म्हणजेसुद्धा तरफच. कणा हा टेकू. त्याच्या एका बाजूला भाराचा दोर, दुसऱ्या बाजूला हाताचा. दोन्ही बाजू कण्यापासून सारख्याच अंतरावर, म्हणून जोर ना वाढतो ना घटतो. ही तरफ फिरली की तिच्या जागी चाकाची पुढची आरी येते, मग त्याच्या पुढची. सब्बल दर वेळी उचलून मांडावी लागते. चाक स्वतःच स्वतःला मांडत जातं. म्हणून सब्बलीची चाल २ इंचांची आणि चाकाची दोर संपेपर्यंतची.

आणि तेच चाक वरून सोडवून भाराला बांधलं तर? आता दोराचं एक टोक वर खांबाला पक्कं आहे, दोर चाकाखालून जातो आणि दुसरं टोक आपल्या हातात येतं. टेकू सरकला. खांबाकडचा दोर चाकाच्या ज्या कडेला टेकतो ती कड टेकू झाली, भार मध्ये कण्यावर आला, हात दुसऱ्या कडेला. अडकित्त्यातही असंच असतं: बिजागरी टोकाला, सुपारी मध्ये, हात दुसऱ्या टोकाला. हाताचं अंतर भाराच्या दुप्पट, म्हणून ओढ अर्ध्यावर येते आणि दोर दुप्पट ओढावा लागतो. ४० फुटांसाठी ८० फूट. अशी चाकं वाढवत गेलं की ओढ आणखी कमी होते. मला जागा द्या, पृथ्वी हलवतो, अशा अर्थाचं बोलणं आर्किमिडीजच्या नावावर आहे आणि ते ऐकताना डोळ्यांसमोर तरफ येते. पण प्लूटार्क सांगतो त्या गोष्टीत त्याने राजासमोर भरलेलं जहाज ओढलं ते कप्प्यांनी. मला हे पटतं. जहाज २ इंच हलवून कोणत्या राजाचं समाधान होणार?

एक गोष्ट चाकाला कधीच जमत नाही. दोर ओढतो, ढकलत नाही. दगड भेगेत घट्ट असेल तर दोर बांधायला जागाच नसते, तिथे कडक लोखंडाचं टोकच आत शिरू शकतं. आणि चाकाला दोन्हीकडे माणूस लागतो, खाली भरायला आणि वर रिकामं करायला. आमच्याच वाशिमकडच्या मालेगाव तालुक्यातल्या कळंबेश्वरात २०१६ साली पत्नीला पाणी भरू दिलं नाही म्हणून एका दलित मजुराने ४० दिवस एकट्याने खपून विहीर खोदली. ती बातमी वाचताना त्या अपमानाच्या चिडीनंतर माझ्या मनात आलेला प्रश्न हाच होता: खोदायला एक माणूस पुरतो, पण खोदलेलं वर कोणी घेतलं?

आता बहुतेक विहिरींवर यारी दिसते. मागे दगड रचून तोललेला तिचा लांब हात ही तरफ, हाताच्या टोकाला चाक, आणि दोर गुंडाळायला इंजिन. चाक टोपलं सरळ वर आणतं, हात ते काठाबाहेर वळवतो. आकड्याशीही चाक असेल तर दोर दुहेरी येतो आणि टोपलं निम्म्या वेगाने चढतं. खालचा माणूस तेवढ्या वेळात वर बघत थांबत नाही. डोक्यावरून टोपलं सरकलं की तो बाजूला होतो आणि पुढच्या भेगेत सब्बल घालतो.