संगीत आजाऱ्याच्या खोलीत येते



शौल राजा मनाने खचला, तळमळू लागला, तेव्हा त्याच्या सेवकांनी वीणा वाजवणारा माणूस शोधला. बेथलेहेमातून दाविदाला बोलावून आणले. तो वाजवू लागला की राजाला आराम पडे (१ शमुवेल, अध्याय १६). राजाला उठून कुठे जावे लागले नाही. संगीतच त्याच्या खोलीत आले.

मुंबईला नरिमन पॉइंटवर एनसीपीए ही संस्था आहे. खुशरू सनटूक आणि कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मरात बिसेनगालिएव यांनी २००६ साली तिथे 'सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया' हा मोठा वाद्यवृंद उभा केला. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि सभागृहाला कुलूप लागले. तेव्हा संस्थेने आधी चित्रित करून ठेवलेले कार्यक्रम 'एनसीपीए ॲट होम' या नावाने लोकांना घरी पाहायला मोकळे केले, तेही विनामूल्य. गंमत पाहा, मुंबईकरांना बंद झालेले दार परभणीकरांना उघडले! ज्याने ते सभागृह कधी पाहिलेही नाही, त्याला मोबाइलवर पहिल्या रांगेत जागा मिळाली.

ख्रिस्तसभेला ही गोष्ट नवी नाही. संत क्लारा वृद्धापकाळी अंथरुणाला खिळल्या होत्या. परंपरा सांगते की, नाताळच्या रात्री मठातल्या भगिनी प्रार्थनेला गेल्या आणि क्लारा एकट्याच मागे राहिल्या. तेव्हा दूर असिसीच्या मंदिरातला ऑर्गन आणि बंधूंचे गायन त्यांना खोलीतच ऐकू आले, उपासनाही दिसली. म्हणूनच पोप बारावे पायस यांनी १९५८ साली त्यांना दूरचित्रवाणीच्या आश्रयदात्या संत म्हणून घोषित केले.

पण या कथेतली एक बाजू आपण विसरतो. बाकीच्या भगिनी प्रार्थनेला गेल्या होत्या. क्लाराबाईंना घरबसल्या दिसते, मग आपणही इथेच बसू, असे कुणी म्हटले नाही! २०२० साली आपण सर्वांनी पडद्यावर मिस्सा पाहिली. पोप फ्रान्सिस २७ मार्चला पावसात रिकाम्या चौकात उभे राहिले, तेही आपण घरूनच पाहिले. ती वेळच तशी होती. आता मात्र पाय धड असलेली काही माणसे रविवारी चहाचा कप हातात घेऊन मोबाइलवरच मिस्सा 'लावतात'. स्पष्ट सांगतो, हे बरे नाही. पडद्यातून सूर येतो, ख्रिस्तशरीर येत नाही. शेजारी बसलेल्याला शांतीही देता येत नाही.

आणि जे खरोखरच येऊ शकत नाहीत? जिंतूर-पाथरीकडच्या गावातून उतारवयात एसटीने येणे सोपे नाही, मे महिन्याच्या उन्हात तर नाहीच. लकव्याने पडलेले, डायलिसिसवर असलेले, आजाऱ्याला एकटे सोडता येत नाही म्हणून घरी थांबलेल्या सुना, ही सगळी आपलीच माणसे आहेत. त्यांना यूट्यूबवर मोठमोठे गायनवृंद मिळतील, पण त्यात ओळखीचा आवाज एकही नसेल. आपल्या पेटीचा अडकणारा स्वर, ढोलकी, मध्येच रडणारे लेकरू ऐकले की आजी म्हणेल, 'हा तर आपल्या गल्लीतला पोरगा गातोय!' म्हणून चुका कापून टाकण्याच्या नादी लागू नका.

गायनवृंदातील मुलामुलींनो, येत्या रविवारपासून प्रवेशगीत आणि दानार्पणाचे गीत मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा. पेटीपासून दोन हात लांब ठेवा, नाहीतर शब्द बुडतात. पंख्याखाली ठेवू नका. पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांना ख्रिस्तशरीर नेले जाते तेव्हा तुमच्यापैकी एकाने सोबत जावे. ज्या घरी साधा फोन आहे तिथे आपल्याच मोबाइलवर गाणे ऐकवावे आणि ते संपेपर्यंत खाटेजवळ बसावे. आजाऱ्यांची नावे मिस्सानंतर कार्यालयात लिहून द्या, घराच्या खुणेसह.