इथला माल, तिथे स्वस्त

गाडीच्या ब्रेकची डिस्क ही दिसायला साधी वस्तू. कोल्हापूरजवळ शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एखाद्या फाउंड्रीत तिचे बिडाचे ओतकाम होते, भोसरी-चाकण पट्ट्यातल्या एखाद्या शॉपमध्ये मशीनिंग होते, गेज लावून तपासणी होते आणि माल पॅकिंगच्या टेबलावर येतो. तिथून त्याला वाटा फुटतात. काही डिस्क क्रेटमध्ये भरून थेट असेंब्ली लाइनवर जातात. काही गाडी कंपनीचे नाव, पार्ट नंबर आणि होलोग्रॅम असलेल्या खोक्यात बसतात. त्या अधिकृत सर्व्हिस सेंटरसाठी. काही परदेशी वितरकाच्या खोक्यात जातात आणि न्हावाशेव्याच्या बंदरातून निघतात. बीड तेच, मशीन तेच, कामगारही तोच. तरी समुद्र ओलांडून गेलेली डिस्क तिथल्या ग्राहकाला जेवढ्याला पडते, त्याहून महाग ती अनेकदा कारखान्याच्या पंचक्रोशीत राहणाऱ्या गाडीमालकाला पडते.

असे का, असे विचारले की पहिले उत्तर हटकून कराचे मिळते. त्यात तथ्य आहे, पण थोडे. निर्यातीच्या मालावर आपण जीएसटी लावत नाही आणि कच्च्या मालावर भरलेला करही परत मिळतो. देशात विकल्या जाणाऱ्या अनेक सुट्या भागांवर सप्टेंबर २०२५ पर्यंत २८ टक्के कर होता. आता तो १८ टक्के आहे. पण निर्यातीला मिळणारी ही सूट परदेशी ग्राहकावरची मेहेरबानी नव्हे. माल जिथे वापरला जातो तिथे कर लागावा, हा जगभरचा रिवाज आहे. हीच डिस्क जर्मनीत पोचली की तिच्यावर तिथला १९ टक्के मूल्यवर्धित कर लागतोच. शिवाय जहाजाचे भाडे, विमा, गोदाम आणि युरोपातले पगार हेही तिथल्या ग्राहकाच्या बिलात असतात. सगळा फरक कराचाच असता, तर आज तिथली डिस्क महाग निघायला हवी होती.

गाडी कंपन्यांचे म्हणणे यापेक्षा वजनदार आहे. एका मॉडेलचे हजारो पार्ट नंबर असतात. त्यातला एखादा वर्षाकाठी मोजकाच खपतो, पण तो गोदामात ठेवावा लागतो. मॉडेल बंद झाल्यावरही त्याची डाय जपून ठेवावी लागते, छोटी बॅच काढावी लागते, आडगावच्या डीलरपर्यंत माल पोचवावा लागतो. हा खर्च खरा आहे आणि तो कोणाला तरी उचलावाच लागणार. दाराच्या हँडलची किंवा डॅशबोर्डच्या एखाद्या क्लिपची किंमत त्यामुळे वाढली, तर ते समजू शकते. पण ब्रेक पॅड, क्लच प्लेट, वॉटर पंप, शॉकअप हा रोजच्या खपाचा माल. तो गोदामात पडून राहत नाही. तिथे हे कारण लागू पडत नाही.

खरे उत्तर पॅकिंगच्या टेबलापाशीच आहे. तो भाग कोणाच्या नावाने, कोणाला विकायचा हे ठरवण्याचा हक्क, तो बनवणाऱ्या कारखानदाराकडे आहे का? परदेशी वितरकाला माल देताना तो बऱ्याचदा असतो. देशात विकताना मात्र तो अनेकदा करारानेच काढून घेतलेला असतो.

हा केवळ माझा तर्क नाही. २०११ मध्ये एका ग्राहकाने तीन गाडी कंपन्यांविरुद्ध भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली. तपासाची व्याप्ती वाढत गेली आणि २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगाने १४ कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. मारुती सुझुकी, टाटा, महिंद्र, टोयोटा, होंडा, फोक्सवॅगन अशी आपल्या रस्त्यांवरची नेहमीची नावे त्यात होती. पुरवठादाराने सुटे भाग कंपनीच्या संमतीशिवाय खुल्या बाजारात विकू नयेत, अशा अटी आयोगाला करारांमध्ये आढळल्या. निदानाची उपकरणे आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या मेकॅनिकला मिळत नव्हती. परिणाम किमतीत दिसत होता: सुट्या भागांवरची वाढ शंभर टक्क्यांच्या आसपास सुरू होऊन काही भागांवर पाच हजार टक्क्यांच्या घरात पोचत होती. भाग आमच्या आराखड्यांवर बनतात, तेव्हा ती आमची बौद्धिक संपदा आहे, असा बचाव कंपन्यांनी केला. त्या हक्कांची भारतातली नोंदणी त्यांना समाधानकारकपणे दाखवता आली नाही.

आयोगाच्या निष्कर्षातला एक मुद्दा मला सर्वांत मोलाचा वाटतो. गाडी घेताना ग्राहकापुढे दहा कंपन्या असतात. गाडी घेतली की दुरुस्तीच्या बाजारात त्याच्यापुढे एकच उरते. शोरूममध्ये पाच-दहा हजारांसाठी घासाघीस करणारा माणूस पुढच्या दहा वर्षांच्या भागांचा भाव विचारत नाही, आणि विचारला तरी तो सांगणारे कोणी नसते. छापील किंमत खोक्यावर असते, पण तिची तुलना करायला शेजारी दुसरे खोकेच नसते.

युरोपने हे दुसरे खोके कायद्यानेच ठेवले आहे. २०१० च्या युरोपीय नियमानुसार गाडी कंपनीला पुरवठादारावर दोन गोष्टी लादता येत नाहीत: स्वतंत्र दुकानदारांना व गॅरेजना सुटे भाग विकण्याची बंदी, आणि पुरवलेल्या भागावर स्वतःचा ब्रँड उमटवण्याची बंदी. या साध्या तरतुदींमुळे तिथल्या ग्राहकाला तोच भाग कंपनीच्या खोक्यात, बनवणाऱ्याच्या खोक्यात आणि दोन-चार प्रतिस्पर्ध्यांच्या खोक्यांत मिळतो. तिथे खोकी एकमेकांशी भांडतात आणि भाव उतरतो. आपला कारखानदार त्या भांडणात उतरतो, म्हणून तिथे कमी मार्जिनवर विकतो.

भारतीय ग्राहकाला स्वस्त माल मिळूच शकत नाही असेही नाही. ट्रकच्या भागांकडे पाहा. सांगलीचा वा नगरचा ट्रकवाला क्लच प्लेट घेताना चार ब्रँडचा भाव विचारतो, उधारीवर घेतो आणि टिकली नाही तर दुकानदाराला जाब विचारतो. मोटारसायकलच्या चेन-स्प्रॉकेटचे तेच, जुन्या मारुती ८०० चेही तेच. तिथे भाव आवाक्यात राहिले, कारण विकणारे अनेक होते. देश तोच, कर तोच, रस्ते तेच. फरक पडला तो विकणाऱ्यांच्या संख्येने.

यावर सुरक्षिततेची हरकत घेतली जाते आणि ती हसण्यावारी नेण्याजोगी नाही. डुप्लिकेट ब्रेक पॅडने माणसे मरतात. पण डुप्लिकेटचा धंदा कशावर चालतो? ओरिजिनल परवडत नाही आणि दर्जेदार पर्याय कायदेशीरपणे दुकानात येत नाही, त्या पोकळीवर. ज्याने असली पॅड बनवले त्यालाच स्वतःच्या नावाने ते विकू द्या. नकली खोके छापणाऱ्याची निम्मी गिऱ्हाइके तिथेच तुटतील.

कंपन्यांनी पुरवठादारांना खुल्या बाजारात विकू द्यावे, बाहेरच्या गॅरेजमध्ये काम केले म्हणून सरसकट वॉरंटी नाकारू नये, असे आदेश आयोगाने दिले होते. प्रकरण अपिलात आणि न्यायालयांत अडकले. २०१६ मध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने टोयोटा, फोर्ड आणि निस्सान यांच्याविरुद्धचे मुख्य निष्कर्ष उचलून धरले, पण दंड सुट्या भागांच्या उलाढालीपुरता आणला. २०२२ मध्ये केंद्राने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि पोर्टलही काढले. पोर्टलवर माहिती मिळते. करारातली अट त्याने रद्द होत नाही. त्यासाठी युरोपसारखा स्पष्ट नियम लागेल, आणि तो लवकर लागेल. नव्या गाड्यांमधले अनेक भाग नुसते बोल्टने बसत नाहीत. हेडलॅम्प किंवा सेन्सर बदलला की कंपनीच्या सॉफ्टवेअरमधून त्याची गाडीशी ओळख करून द्यावी लागते. तोवर गाडी तो स्वीकारत नाही. भाग मोकळे झाले आणि ते सॉफ्टवेअर बंदच राहिले, तर चाकणच्या कारखानदाराने स्वतःच्या नावाने विकलेला सेन्सर चाकणच्याच गॅरेजमध्ये चालणार नाही.