दैवाचा वाटा

मुंबईचा प्रॉन्ग्स दीपस्तंभ मागे टाकून, स्वतःच्या मालकीच्या लहानशा शिडाच्या नौकेतून खांदेरी, जंजिरा, बाणकोट, दाभोळ, जयगड असे मुक्काम करीत मालवणपर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने जाणाऱ्या मनुष्याला, आपल्या शास्त्रकारांनी शतकानुशतके ज्यावर वाद घातला तो दैव आणि पुरुषकार यांचा प्रश्न प्रत्यही सोडवावा लागतो. आगबोटीच्या उतारूला तो पडत नाही. तिकिटाबरोबरच त्याने आपली सारी मुखत्यारी कप्तानाच्या हवाली केलेली असते. खाजगी नौकेत मात्र हुकूम देणारा आणि त्या हुकुमाचे फळ भोगणारा बहुधा एकच असतो.

आणि त्याचा अंमल चालतो तरी किती? हिवाळ्यात पहाटे जमिनीवरून मतलई वारा सुटतो, दुपारी वायव्येकडून खारा वारा चढतो. भरती रोज सुमारे 50 मिनिटे उशिरा येते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग. यांतील एकाही गोष्टीत कोणाचा अर्ज चालत नाही. तरीही खाडीच्या मुखाशी, जेथे वाळूचा दांडा दरसाल जागा बदलतो, तेथे जाणता तांडेल काय करतो ते पाहावे. तो शीड उतरवून घेतो, शिशाच्या तळच्या खोबणीत चरबी भरून ते दोरीने पाण्यात सोडतो, वर आल्यावर चरबीला चिकटलेले कण बोटांनी चोळून वाळू आहे की चिखल हे ठरवितो, दांड्यावर लाट फुटते आहे काय ते निरखतो आणि पाणी पुरेसे चढेपर्यंत बाहेरच नांगर टाकून राहतो. या थांबण्याला कोणी दैवाधीनता म्हणेल तर ते मला मान्य नाही. जे आपल्या हद्दीबाहेरचे आहे त्याचा काटेकोर हिशेब ठेवणे हा पुरुषकाराचाच एक श्रेष्ठ प्रकार होय.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्मसिद्धीची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करणे, विविध चेष्टा आणि पाचवे दैव. नौकेवर ती जणू समोरासमोर बसलेली दिसतात. खालची फळी, सुकाणूवरचा मनुष्य, होकायंत्र-शीड-दोर, हातांची धडपड, आणि मग वारा-पाणी. मला त्या क्रमाचे फार महत्त्व वाटते. दैवाला आसन दिले आहे, पण ते चौघांच्या नंतर. आणि त्याच ठिकाणी, केवळ मीच कर्ता असे मानणाऱ्यालाही दुर्मती ठरविले आहे. म्हणजे मालकीच्या कैफात उधाणाला न जुमानणारा आणि फळी कुजू देऊन नशिबाला बोल लावणारा, हे दोघेही एकाच कसोटीला अपुरे पडतात.

दुसऱ्या दोषाची सवय आपल्या समाजाला अधिक आहे, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. 17 जुलै 1947 रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडून सहाशेंहून अधिक माणसे प्राणांस मुकली. त्या सुमाराची अमावास्या अद्याप लोकांच्या बोलण्यात येते. ऐन आषाढात, खवळलेल्या समुद्रात ती का सुटली, हा प्रश्न अमावास्येला विचारण्याचा नव्हे.

मग नारळी पौर्णिमेचा नारळ व्यर्थ काय? मुळीच नाही. वर्षभर लाटांशी व्यवहार करणारा कोळी तो अर्पण करतो तेव्हा होडीची डागडुजी आणि जाळ्यांची तजवीज त्याने आधीच केलेली असते. त्याच्या प्रार्थनेत चार कारणांची दिरंगाई पाचव्यावर ढकललेली नसते, म्हणून मी तिला खरी प्रार्थना मानतो.

स्वतःची नौका घेऊन या किनाऱ्याने जाणाऱ्यांना माझी एवढीच विनंती आहे, की मुक्कामाला नांगर टाकल्यावर रोजनिशीत अंतर आणि वेळ यांबरोबरच, आज कोणते वळण आपण घेतले आणि कोणते पाण्याने दिले, हेही त्याच रात्री प्रामाणिकपणे लिहून ठेवावे.